बाईकची मागची नंबरप्लेट लहान करायची आहे, मामांच्या नजरेत न भरता. काय चालतं?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहतो. गाडी २०१७ ची, एमएच-११ पासिंग, सेकंड हँड घेतलेली. इंजिनाबद्दल काडीची तक्रार नाही. पण मागचा तो लांबलचक मडगार्ड आणि त्याच्या टोकाला लोंबणारी नंबरप्लेट बघितली की मन खट्टू होतं. आधीच्या मालकानं वर कुठल्याशा मंडळाचं नाव टाकलंय, खाली 'आई-बाबांचा आशीर्वाद', आणि मधे जागा उरली म्हणून नंबर.

बाजारातला एक रेडियमवाला म्हणतो, अर्ध्या साइजची ॲक्रिलिकची पाटी तीनशेत करून देतो, सीटखाली बसवू, सगळी पोरं लावतात, कोण विचारत नाय. मला रोज पोवई नाक्यावरून जावं लागतं. पावती नको, रस्त्यात उभं राहून हुज्जत नको.

तर प्रश्न असे. कायद्यात बसणारी बाईकची सगळ्यात लहान पाटी केवढी? त्याहून थोडी लहान केली तर मामा सोडतात का? आणि टेल टायडी, म्हणजे लांब मडगार्ड काढून लावतात तो आखूड ब्रॅकेट, लावून पाटी आत घेतली तर काय होतं? अनुभव असलेल्यांनी सांगा. ज्यांना 'नियम पाळा' एवढंच म्हणायचंय त्यांनी चहा घ्यावा आणि पुढच्या धाग्यावर जावं.

वडाप_किंग

चहा घेतला. नियम पाळा. 😁

पत्राकाम_कराड

भावा, आधी टेप घे आणि आत्ता लावलेली पाटी मोज. मग पुढचं बोलू.

एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी उठावाच्या अक्षरांची पाटी, बाईकला मागं २०० बाय १०० मिलिमीटरची येते. वीस सेंटिमीटर रुंद, दहा उंच. पुढची २८५ बाय ४५, निव्वळ पट्टी. तुझ्या गाडीवर मंडळ, आशीर्वाद आणि नंबर हे सगळं मावलंय म्हणजे ती पाटी याच्यापेक्षा मोठीच असणार.

म्हणजे तुला लहान पाटी हवीय आणि सरकार लहान पाटीच देतंय. तू मधे रेडियमवाल्याला कशाला गाठतोस?

यवतेश्वर_घाट

मोजली. २६० बाय १५० भरली. 😐

पण दादा, एचएसआरपी तर नवीन गाड्यांना ना?

पत्राकाम_कराड

१ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना शोरूममधूनच लागून येते. त्याआधीच्या सगळ्या गाड्यांना आपल्या राज्यात बसवून घ्यायची आहे. मुदत मार्च २०२५ ची होती. मग एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर असं करत लोकांनी ती ढकलायला लावली. तुझी २०१७ ची, म्हणजे तू यादीत आहेस. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, ५३१ पडतात. परिवहन खात्याच्या वेबसाइटवरून जायचं, आपला आरटीओ निवडायचा, गाडी नंबर, चासीचे आणि इंजिनाचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, सेंटर आणि वेळ घ्यायची. सेकंड हँड आहे ना? मग आरसी तुझ्या नावावर झालीय का आणि मोबाइल नंबर तुझाच जोडलाय का ते आधी बघ, नाहीतर ओटीपी जुन्या मालकाच्या फोनवर वाजेल.

कृष्णाकाठी

सांगलीत विश्रामबागला पण हेच चाललंय. रेडियमवाले आता 'एचएसआरपीसारखी' पाटी पण करून देतात. निळ्या अक्षरात आयएनडी, कोपऱ्यात चक्राचं स्टिकर, लांबून हुबेहूब. जवळून बघितलं की कळतं. खऱ्या पाटीवर चक्र क्रोमियमचं होलोग्राम असतं, पाटी एक मिलिमीटर ॲल्युमिनियमची, डावीकडं खाली लेसरनं कोरलेला दहा अंकी नंबर, आणि काळ्या अक्षरांवर तिरकं 'इंडिया' छापलेलं. तो लेसरचा नंबर वाहन पोर्टलवर गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. नकली पाटीवर एकतर तो नसतो, नाहीतर सगळ्यांच्या पाटीवर एकच. अशी पाटी घेऊन फिरण्यापेक्षा आशीर्वादवाली परवडली, निदान ती खोटं तरी बोलत नाही.

माजी_खाकी

मी बरीच वर्षं ट्राफिकला काढली, आता पेन्शनीत आहे. मूळ प्रश्नाला उत्तर देतो, कारण ते फार कमी जणांना ठाऊक असतं.

नाक्यावर उभा राहिलेला माणूस पट्टी घेऊन पाटी मोजत नाही. त्याची नजर आधी डोक्यावर जाते, हेल्मेट. मग सीटवर किती जण. मग कान, म्हणजे सायलेन्सर. गाडी पुढून गेली की मान वळते आणि हातातला मोबाइल वर येतो. पाठमोरा फोटो, नंबर, चलन, विषय संपला. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, संध्याकाळी मेसेज आला की कळतं.

आता ज्या गाडीचा नंबर त्या फोटोत वाचता येत नाही तिचं काय करायचं? तिला उभंच करावं लागतं. दुसरा इलाज नाही. पाटी वाचता येते त्याला शिट्टी मारायची गरजच पडत नाही. सीटखाली वळवलेली, बारीक अक्षरांची, काळा कागद लावलेली पाटी दिसली की शिट्टी तिथंच वाजते. तुम्ही विचारताय 'नजरेत न भरता', आणि उपाय नेमका नजरेत भरणारा निवडताय.

आणि एकदा उभं केलं की पाटीवर थांबत नाही हो. लायसन दाखवा. विमा बघू. पीयूसी? विमा संपलेला असेल तर पहिल्या वेळेला २,०००, लायसन नसेल तर ५,०००. पाटीचा दंड त्या मानानं किरकोळ.

यवतेश्वर_घाट

काका, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण पोवई नाक्यावर रोज अशी कितीतरी पोरं बिनधास्त जातात, त्यांना कोण धरत नाही ते?

माजी_खाकी

धरतात. ती पोरं धरल्याचं सांगत नाहीत, सुटल्याचं सांगतात.

वडाप_किंग

काका रॉक्स 🙏

वकीलीणबाई_सांगली

नियमांचं थोडं नेमकं लिहिते, कारण वर साइजबद्दल सगळे बोलले, अक्षरांबद्दल कुणीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ५० पाटीबद्दल आणि ५१ अक्षरांच्या मापांबद्दल. मोटारसायकलला मागची अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४० मिलिमीटर, रेघेची जाडी ७ आणि दोन अक्षरांतलं अंतर ५. पुढची ३० मिलिमीटर. याहून बारीक फक्त ७० सीसीखालच्या गाड्यांची पुढची पाटी, १५ मिलिमीटरची. ती सवलत लुनावाल्यांची, तुमची नव्हे. तेव्हा 'थोडी लहान केली तर' याला कायद्यात जागा नाही. अर्ध्या साइजच्या पाटीवर ४० मिलिमीटरचे आकडे मावतच नाहीत, गणित करून बघा.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुढं १,५०० पर्यंत. ही रक्कम बघून पोरांना वाटतं, जाऊ दे, भरू. मला पाटीचं महत्त्व कोर्टात कळतं ते वेगळ्या कारणानं.

एक पक्षकार आले होते, वडिलांना मिरज रस्त्यावर संध्याकाळी बाईकनं उडवलं. बाईकवाला थांबला नाही. मागच्या टेम्पोवाल्यानं पाठलाग केला, पण पाटी सीटखाली, वर वळवलेली. त्याला दोन आकडे सांगता आले, तेही नक्की नाहीत. गाडी सापडली नाही. गाडी सापडली असती तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या गाडीच्या विमा कंपनीवर दावा लागला असता. उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, दवाखान्याचा खर्च, सगळं धरून. वाहनच अज्ञात असलं की उरतं ते कलम १६१ ची ठरीव भरपाई. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. एप्रिल २०२२ पूर्वी तर २५ हजार आणि साडेबारा हजार होती. म्हातारबांच्या मांडीत रॉड आहे आणि हातात ५० हजारांचा अर्ज.

रेडियमवाल्याला तीनशे रुपये देताना हा भाग तुमच्या हिशेबात नसतो, माझ्या असतो.

यवतेश्वर_घाट

ताई, वाचून गप्प झालो. माझा हेतू पळून जायचा नाही, गाडी देखणी दिसावी एवढाच आहे.

वकीलीणबाई_सांगली

हेतू पाटीवर लिहिलेला नसतो ना. टेम्पोवाल्याला तुमची पाटी आणि त्या बाईकवाल्याची पाटी एकच दिसणार.

लेस्टरचा_सांगलीकर

मजा म्हणून सांगतो. इथं इंग्लंडात बाईकला पुढची पाटी लागतच नाही. सप्टेंबर २००१ पासून नोंदवलेल्या बाईकना फक्त मागची. पण मागचं अक्षर ६४ मिलिमीटर उंच! आपल्या ४० च्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. दोन ओळींत लिहिलं की पाटी चांगली ताटाएवढी होते. त्यामुळं इथली पोरंही अक्षरं बारीक करून, पाटी कापून लावतात आणि तुमच्यासारखेच प्रश्न विचारतात. सापडलं तर दंड हजार पौंडांपर्यंत, शिवाय वार्षिक तपासणीत गाडी नापास. त्यांना आपली २०० बाय १०० दाखवली तर जीव ओवाळून टाकतील. साताऱ्यात असून रडताय कशाला?

आप्पा_माहुलीकर

आमच्या काळात पाटी पेंटर करायचा. महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथंच साताऱ्यात, प्रिया स्कूटर इथं बनायची. आमच्या वडिलांची प्रिया होती. पेंटर आधी काळा रंग मारायचा, तो वाळेपर्यंत बिडी ओढायचा, मग खडूनं दोन रेघा आखून पांढऱ्या रंगात नंबर काढायचा. वळण असं की छापील वाटावं. शेवटी कोपऱ्यात स्वतःचं नाव इतकं बारीक टाकायचा की ते फक्त त्यालाच दिसावं. बारीक अक्षरांची हौस तेव्हापासूनची म्हणायची. 🙂

ती प्रिया अजून घरी आहे, पण रस्त्यावर नसते. तिलाही ही नवी पाटी लागणार का?

पत्राकाम_कराड

आरसी चालू ठेवून रस्त्यावर काढणार असाल तर लागणार आप्पा. आधी आरसीची मुदत बघा.

शिवगर्जना_५०

सगळे कायदे शिकवताय, पण महाराष्ट्रात मराठीत पाटी लावली तर पावती फाडतात हे कसं चालतं? माझ्या गाडीवर मराठी आकडे होते, कराडात अडवलं. दुकानांना मराठी पाटी सक्तीची आणि गाडीला बंदी?

वकीलीणबाई_सांगली

दुकानाची पाटी राज्याच्या कायद्यानं, गाडीची केंद्राच्या नियमानं. नियमात स्पष्ट आहे, अक्षरं इंग्रजी आणि आकडे अरबी वळणाचे, आपण इंग्रजी आकडे म्हणतो ते. तुमची गाडी उद्या हुबळीला गेली तर तिथल्या पोलिसालाही नंबर वाचता आला पाहिजे, इतकंच. तुमच्या गाडीच्या टाकीवर, मडगार्डवर हवं ते मराठी लिहा, नंबरप्लेट सोडून.

शिवगर्जना_५०

पटलं नाही, पण ठीक.

वडाप_किंग

आणि ते ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करणारे? आमच्या गावात एक बॉस आहे, त्याची गाडी बँकवाल्यांनी ओढून नेली. पाटी मात्र एक नंबर होती.

माजी_खाकी

तसा नंबर आरटीओत जास्तीचे पैसे भरून घ्यायला कुणाची ना नाही. आकड्याची शेपटी वळवून त्याचं अक्षर केलं की गुन्हा. आणि एचएसआरपीवर वळवायला काही उरतच नाही, अक्षरं साच्यातून उठवलेली असतात. या पाटीनं सगळ्यात जास्त दादा मारले असतील. 😄

को_८६०३२

आमच्याकडं कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. ट्रॅक्टरचा नंबर पुढं चिखलात, ट्रॉलीला मागं पाटीच नाही, वर ऊस दोन्हीकडनं लोंबतोय, रात्री दिवा नाही. त्यांना कोण थांबवत नाही आणि पोराच्या बाईकची पाटी दोन बोटं लहान म्हणून एवढं पुराण?

माजी_खाकी

तुमची तक्रार खरी आहे. ट्रॉलीचीही नोंदणी लागते, मागं पाटी लागते, लाल रिफ्लेक्टर लागतात. हंगामात कारवाई ढिली पडते हे मी नाकारत नाही. पण म्हणून बाईकची पाटी लपवायला परवानगी मिळते असं नाही. ट्रॅक्टरलाही एचएसआरपी आहे, दुचाकीच्याच दरात. तुमची बसवली का?

को_८६०३२

बुकिंग केलंय. 🤐

स्कूटीवाली_सदरबझार

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. माझी स्कूटी साताऱ्याबाहेर फारशी जातच नाही आणि मला दुसऱ्या जिल्ह्यातून पावत्या येऊ लागल्या. सिग्नल तोडला, ट्रिपल सीट, हेल्मेट नाही. फोटो उघडला तर काळी बाईक आणि तिच्यावर माझा नंबर! सीटखाली तिरकी लावलेली छोटी पाटी, शेवटचा आकडा नीट दिसत नाही. एकतर त्यानं माझा नंबर उचलला, नाहीतर त्याचा अर्धवट वाचून कुणीतरी माझा टाकला. मला काय, दोन्ही सारखंच.

महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाकली, स्कूटीचे चारी बाजूंनी फोटो, आरसी, सगळं जोडलं. पहिली तक्रार कारण न देता बंद केली. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा कुणीतरी खरंच फोटो उघडून बघितला असावा, पावत्या रद्द झाल्या. दरम्यान विम्याच्या वेळी, पीयूसीच्या वेळी, जिथं तिथं 'मॅडम, चलन पेंडिंग दिसतंय' ऐकायचं. तेव्हा छोट्या पाटीवाल्यांवर माझा राग आहे, आणि तो जाणार नाही.

कृष्णाकाठी

ताई, म्हणूनच एचएसआरपी ज्यानं गाडीला बसवतात त्या स्नॅप लॉकचं महत्त्व. एकदा दाबला की परत उघडत नाही, पाटी काढायची तर लॉक तोडावाच लागतो. दुसऱ्याची पाटी काढून आपल्या गाडीला लावायची सोय राहत नाही. तुटलेला लॉक दिसला की समजायचं, काहीतरी झालंय.

यवतेश्वर_घाट

बरं मंडळी, रेडियमवाल्याचा बेत रद्द. एचएसआरपी बुक करतो. आता टेल टायडीचं सांगा. २०० बाय १०० ची पाटी तशीच, न कापता, पण लांब मडगार्ड काढून टेललाइटच्या खाली जवळ घेतली तर? आणि त्यावर हलकी स्मोक फिल्म?

पत्राकाम_कराड

फिल्मचं आधी. अजिबात नको. पाटीचा पांढरा भाग साधा रंग नाही, उजेड जिथून येतो तिकडंच परत फेकणारी फिल्म असते. म्हणून मागच्या गाडीचा हेडलाइट पडला की अंधारात फक्त पाटी लख्ख उठते, अक्षरं काळी राहतात. स्मोक फिल्म लावली की तो परतीचा उजेड मरतो. दिवसा तुला पाटी झकास काळपट दिसेल, रात्री मागच्याला काहीच दिसणार नाही. आणि वर काका म्हणाले ती शिट्टी.

आता टेल टायडी. गॅरेजात ही कामं येतात, त्यातून जे बघितलं ते सांगतो.

बाजारात मिळणारे ब्रॅकेट बहुतेक बारीक पाटीसाठी बनवलेले असतात. त्यावर २०० ची पाटी लावली की दोन्ही बाजूंनी लटकते आणि थरथरते. आपल्या रस्त्यांवर थोड्याच दिवसांत भोकाभोवती केसासारखी चीर दिसायला लागते. ती वाढत वाढत कडेपर्यंत गेली की एक दिवस पाटी अर्धी तुटून रस्त्यावर. म्हणून ब्रॅकेटला मागून पूर्ण पाटीएवढा आधार द्यायचा, तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट, मधे रबरी वायसर. पाटीला नवीन भोक पाडायचं नाही, ब्रॅकेटला पाडायचं. पाटी वाकवायची नाही, कोपरे कापायचे नाहीत.

दुसरं, जे कोणी बघत नाही. गाडी स्टँडवर असताना टायर आणि पाटीच्या खालच्या कडेत चार बोटं अंतर दिसतं, मालक खूश. मागं माणूस बसवून खड्ड्यातून काढ, शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दबला की टायर वर येतं आणि पाटीची खालची कड घासतं. एकाची पाटी अशी घासून खालच्या ओळीची बुडंच गेली होती, ८ चा ० झाला होता. तेव्हा दोन माणसं मागं बसवून, गाडी दाबून, मग ब्रॅकेटची उंची ठरवायची. रस्त्यावर दोन बसवायचे नाहीत, फक्त दाबायला. 😁

तिसरं, कोन. पाटी जवळजवळ उभी पाहिजे. सीटच्या रेषेत वर वळवली की देखणी दिसते, पण मग ती आकाशाला दिसते, मागच्याला नाही. चौथं, नंबरप्लेटचा पांढरा दिवा. मडगार्ड काढताना तो त्याच्याबरोबर निघून जातो आणि बरेच जण वायर टेपनं गुंडाळून ठेवतात. दिवा पाहिजेच, बारीक एलईडी ब्रॅकेटवर बसतो. लाल रिफ्लेक्टरही परत लावायचा.

आणि पावसाळ्यात ठोसेघर, कासला जायचा बेत असेल तर आत्ताच सांगतो, मडगार्ड काढलास की मागच्या टायरचा चिखल सरळ मागं बसलेल्याच्या पाठीवर रेघ ओढतो. गर्लफ्रेंड असेल तर एकदाच येईल.

वकीलीणबाई_सांगली

यात एक भर. साडीगार्ड आणि मागच्या चाकाचं आवरण काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियम १२३ मध्ये सक्तीचं आहे, ओढणी-पदर अडकू नये म्हणून. आणि कंपनीच्या रचनेत बदल करायला कलम ५२ ची मर्यादा आहे. मालकानं बेकायदा बदल केला तर कलम १८२-अ खाली दर बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकतं. पाटीचा ब्रॅकेट बदलला म्हणून कुणी कैदेत गेल्याचं मी पाहिलं नाही, पण ब्रॅकेटबरोबर सायलेन्सर, हँडल, इंडिकेटर असं सगळंच बदललेलं असेल तर अधिकारी वेगळ्या नजरेनं बघतो.

माजी_खाकी

बरोबर. एक बदललेली वस्तू दिसली की माणूस दुसरी शोधतो. तुमची गाडी बाकी कंपनीची असेल, पाटी उभी, स्वच्छ, वाचता येणारी असेल, तर ती टेललाइटपासून चार बोटं खाली आहे की चौदा, याच्याशी नाक्यावरच्या माणसाला देणंघेणं नसतं.

बुलेटराजा_वाई

माझी जुनी बुलेट आहे, पुढच्या मडगार्डवर आडव्या बाजूनं लावलेली ती पूर्वीची वळणदार पाटी आहे. ती ठेवता येईल का? त्याच्याशिवाय बुलेट बुलेट वाटत नाही राव.

वकीलीणबाई_सांगली

शोभेला ठेवायची तर नंबर न लिहिता ठेवा. नोंदणी क्रमांकाची पुढची पाटी हँडलला समांतर, समोरून दिसणारी हवी.

बुलेटराजा_वाई

नंबर नसलेली पाटी लावून काय करू, ताई.

वडाप_किंग

आशीर्वाद लिही.

यवतेश्वर_घाट

😂😂

अपडेट देतो. आरसीला मोबाइल नंबर जुन्या मालकाचाच होता, तो आधी बदलून घेतला, त्यात वेळ गेला. मग बुकिंग झालं. सेंटरवर पाटी बसवून मिळाली, पण कंपनीच्या मडगार्डवरच. सेंटरवाला म्हणाला, आम्ही कंपनीच्या जागीच बसवतो, बाहेरच्या ब्रॅकेटवर बसवत नाही. आता खरं सांगू? जुनी मोठी पाटी गेल्यावर मडगार्ड तेवढा वाईट दिसत नाही. पाटीच्या दोन्ही बाजूंनी आता टायर दिसतं, आधी सगळं झाकलेलं होतं. तरी तो जरा आखूड करावा असं अजून मनात आहेच. पण लॉक लागलेत. आता ब्रॅकेट बदलायचा तर लॉक तोडावे लागतील ना?

पत्राकाम_कराड

पाटीचे लॉक तोडायचे नाहीत. पाटी ज्या काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर बसलीय तो तुकडा मडगार्डला वेगळ्या नटांनी लावलेला असतो का ते खालून बघ. बऱ्याच गाड्यांना असतो. तसं असेल तर तुकड्यासकट पाटी उतरते, लॉकला हात लावावा लागत नाही, आणि आखूड ब्रॅकेट मागून जोडता येतो. फोटो टाक, खालून काढलेला, उजेडात.

स्कूटीवाली_सदरबझार

फोटो टाकताना नंबर झाका हं. माझं काय झालं वाचलंय ना.

कृष्णाकाठी

कुणाची पाटी तडकली असेल तर काय करायचं? माझ्या मागच्या पाटीला भोकापासून चीर गेलीय, शोरूमनं लावलेली, २०२१ ची गाडी.

पत्राकाम_कराड

बुकिंगच्या साइटवर बदली पाटीचा पर्याय असतो, एकच मागची मागवता येते. जुनी तडकलेली तिथं जमा करायची, घरी ठेवायची नाही. हरवली किंवा चोरीला गेली असेल तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची, ती प्रत लागते. नवीन बसेपर्यंत मागून एक पत्र्याचा तुकडा आधाराला लाव, नाहीतर चीर वाढेल. आणि एम-सील लावू नकोस, एकानं लावलं होतं, आकडा बुजला.

यवतेश्वर_घाट

दादा, खालून बघितलं. तुकडा वेगळा आहे, तीन नट आहेत, एक गंजलाय.

पत्राकाम_कराड

गंजलेल्यावर रात्री रॉकेल सोडून ठेव, डोकं घासू नकोस. मंगळवारी आमचं गॅरेज बंद असतं, बुधवारी ये. येताना मागं बसायला दोन जड मित्र आण.